छोट्या गाडीतील बदल आणि विमा कंपनीला द्यावयाची माहिती

पगारदार माणसाच्या दारात स्वतःची मोटार उभी राहणे ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला चारचाकीचे स्वप्न पाहण्याचे धाडस झाले. त्या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. परंतु तिच्या मागून आलेल्या लहान गाड्या आज आपल्या प्रत्येक वसाहतीत दिसतात. त्यांतील कितीतरी गाड्या बँकेच्या कर्जावर घेतलेल्या असतात. पाच-सात वर्षे हप्ते फेडून ती गाडी आपली होते.

गाडी आली की तिच्यात काही ना काही बदल करण्याची इच्छा होते. कोणी पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून गॅसचे किट बसवितो, कोणी मोठी चाके, कोणी पुढे लोखंडी गार्ड, कोणी भारी स्टिरिओ. या बदलांचा आपल्या विम्याशी काय संबंध आहे, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. बँकेत काम करीत असल्यामुळे वाहनकर्जाची प्रकरणे नेहमी नजरेखालून जातात. त्यावरून असे वाटते की, या विषयाची साधी माहिती आपल्या बंधू-भगिनींना असणे अत्यंत आवश्यक आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विम्याचे मूळ तत्त्व समजून घेऊ. विमा हा परस्पर विश्वासावर उभा असलेला करार आहे. गाडी आपल्या ताब्यात असते. कंपनी ती रोज पाहावयास येत नाही. म्हणून धोका किती आहे हे ठरविण्यास आवश्यक असलेली प्रत्येक महत्त्वाची बाब आपण होऊन सांगणे हे विमा उतरविणाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. इंग्लंडमध्ये १७६६ साली न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. हे कर्तव्य दोन्ही बाजूंचे आहे, असेही त्यांनी त्यात म्हटले आहे. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा तो खटला होता. पण त्यातील तत्त्व आज आपल्या अल्टोला व वॅगन-आरलाही लागू आहे.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने ठरवून दिलेल्या व आर.सी. बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली व कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जे बदल कायद्यास मान्य आहेत, तेही आर.टी.ओ.च्या परवानगीने करून चौदा दिवसांच्या आत त्यांची नोंद करून घ्यावी लागते.

सोयीसाठी आपण बदलांचे तीन गट पाडू.

पहिला गट करूच नयेत अशा बदलांचा. छत कापणे, सांगाड्यात फेरफार करणे, कर्णकर्कश सायलेन्सर बसविणे या गोष्टी यात येतात. पुढे लोखंडी गार्ड लावल्याने गाडी सुरक्षित होते, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक गाडीचा पुढील भाग धक्का शोषून चेपला जावा अशीच त्याची रचना केलेली असते. कडक गार्डामुळे तो धक्का थेट सांगाड्यापर्यंत पोहोचतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. पादचाऱ्यास होणारी इजाही वाढते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे सर्व राज्यांना कळविले.

दुसरा गट आर.टी.ओ.ची परवानगी आणि विमा कंपनीस सूचना, अशा दोन्ही गोष्टी लागणाऱ्या बदलांचा. इंजिन बदलणे, रंग बदलणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सी.एन.जी. किंवा एल.पी.जी. किट बसविणे. सी.एन.जी.च्या सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार इतक्या दाबाखाली असतो. डिकीत ठेवलेल्या या सिलिंडरमुळे गाडीचे वजन वाढते, वायरिंगमध्ये नवे जोड येतात आणि गळतीचा धोका निर्माण होतो. म्हणून किट पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलेच असावे व अधिकृत केंद्रातच बसवावे. सिलिंडरला नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. दर तीन वर्षांनी त्याची दाब-चाचणी करून घेणे बंधनकारक आहे.

तिसरा गट किरकोळ साजाचा : स्टिरिओ, कॅमेरा, सीट कव्हर इत्यादी. येथे आर.टी.ओ.चा प्रश्न सहसा येत नाही. परंतु या वस्तूंची किंमत पॉलिसीत दाखविली नसेल, तर चोरी किंवा अपघातानंतर त्यांचे पैसे मिळत नाहीत. बाकीच्या गाडीच्या दाव्यास त्यामुळे सहसा बाधा येत नाही.

किट जाहीर केले तर हप्ता वाढेल, या भीतीने लोक ते लपवितात. ही वाढ किती असते ते पाहू. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात बाहेरून बसविलेल्या किटसाठी त्याच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता आणि तृतीय पक्षाच्या भागासाठी ६० रुपये असा दर दिला होता. जानेवारी २००७ पासून गाडीच्या नुकसानीच्या भागाचे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले; पण हिशेब समजण्यास तो आकडा उपयोगी आहे. समजा, किट ४०,००० रुपयांचे आहे. ४ टक्क्यांप्रमाणे १,६०० रुपये, अधिक ६० रुपये, त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरला तर एकूण सुमारे १,९५९ रुपये होतात. म्हणजे महिन्याला १६५ रुपयेसुद्धा नाहीत. किटची किंमत दरवर्षी घसारा लावून कमी धरली जाते, त्यामुळे ही रक्कमही उतरत जाते.

याउलट माहिती दडविली तर काय होते? अपघातानंतर सर्व्हेअर येतो. तो पॉलिसी, आर.सी. बुक व गाडी यांचा मेळ घालतो. कागदावर फक्त पेट्रोल आणि डिकीत गॅसचा सिलिंडर, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. आग लागली असेल तर किटकडेच प्रथम बोट जाते. दावा नाकारला जाऊ शकतो, अथवा कापून दिला जाऊ शकतो. गाडी कर्जाची असेल तर परिस्थिती अधिकच बिकट होते. गाडी जळाली तरी कर्ज जळत नाही. दारात गाडी नसताना हप्ता मात्र दर महिन्याला पगारातून जात राहतो. ज्या घरात एकच कमावता माणूस आहे, त्या घराला हा भार अनेक वर्षे पुरतो.

दुसऱ्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. अपघातात जखमी झालेल्या त्रयस्थास भरपाई मिळावी म्हणून कलम १४६ ने विमा सक्तीचा केला. त्या भरपाईस विमा कंपनीला ज्या मोजक्या कारणांनी हरकत घेता येते, त्यांत महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी मिळविणे हेही एक कारण कलम १५० मध्ये दिलेले आहे.

गाडीचा वापर बदलणे हाही एक बदलच आहे, हे विसरू नये. खासगी गाडी भाड्याने चालविल्यास पॉलिसीच्या अटीचा भंग होतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात दावा पूर्णपणे न फेटाळता काही रक्कम देण्याचा आदेश दिला. पण त्यासाठी मालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

बदल जाहीर करण्यात केवळ तोटाच असतो असे नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी हाताने चालणारा ब्रेक व क्लच बसविलेली गाडी कायद्यास मान्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीत तिची स्वतंत्र व्याख्याही आली. २००२ च्या दरपत्रकात अशा गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत ठेवली होती. अट एकच, आर.सी. बुकात त्या बदलाची नोंद हवी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी या सवलतीची चौकशी अवश्य करावी.

आता प्रत्यक्ष काय करावे ते थोडक्यात सांगतो. बदल करण्यापूर्वीच विमा कंपनीस व आर.टी.ओ.ला विचारावे. कर्ज असेल तर बँकेस लेखी कळवावे. किटचे बिल, मान्यतेचे प्रमाणपत्र व सिलिंडरचा चाचणी-दाखला जपून ठेवावा. आर.सी. बुकात नोंद झाल्यावर तिची प्रत जोडून कंपनीला अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जादा हप्ता भरल्यावर कंपनी जो पुरवणी कागद देते, म्हणजे एंडॉर्समेंट, तो हाती आल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. एजंटला तोंडी सांगितले म्हणजे कंपनीला कळविले, असे होत नाही. नूतनीकरणाच्या वेळी, विशेषतः कंपनी बदलताना किंवा संगणकावरून पॉलिसी घेताना, किटचा रकाना स्वतः तपासावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर डिकी उघडून पाहावी आणि आर.सी. बुकाशी ताडून घ्यावी.

सर्व माहिती देऊनही दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र तेथेही पहिला प्रश्न हाच विचारला जातो की, आपण कंपनीला केव्हा आणि काय कळविले होते. त्याचे उत्तर देणारा पोच असलेला कागद घरच्या फाईलमध्ये असावा, आणि ती फाईल कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसास ठाऊक असावे.