पोलादी तारेचे दागिने

पोलादी तारेचे दागिने म्हणजे पोलादाची किंवा लोखंडाची बारीक तार हाताने वाकवून, पीळ देऊन, गुंडाळून अथवा कड्यांच्या रूपात एकमेकींत गुंफून केलेले दागिने होत. सोने, चांदी, तांबे व पितळ यांच्या तारेपेक्षा पोलादी तार अधिक ताठ व मजबूत असते आणि सोन्याचांदीच्या मानाने ती फार स्वस्त पडते. मात्र याच ताठपणामुळे तिच्यावर काम करण्याची रीत वेगळी आहे. तारेची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : पोलादाची जात, तारेचा मऊपणा वा कठीणपणा आणि तिचा व्यास. दागिना टोचलेल्या कानात किंवा नाकात घालायचा असेल, तर त्यातील निकेल या धातूचाही विचार करावा लागतो.

इतिहास

पोलाद हे अवजारांचे व शस्त्रांचे द्रव्य मानले जात असले, तरी त्याचे दागिने करण्याची प्रथा जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील वुडस्टॉक या गावी पैलू पाडलेल्या बारीक पोलादी खिळ्यांचे दागिने तयार होत. पुढे बर्मिंगहॅमनजीकच्या सोहो येथील मॅथ्यू बोल्टन यांच्या कारखान्यातही असे काम होऊ लागले. प्रशियात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ओतीव लोखंडाचे दागिने लोकप्रिय झाले. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी नागरिकांनी सोन्याचे दागिने देऊन त्यांच्या बदल्यात लोखंडी दागिने स्वीकारले. त्यामुळे लोखंडी दागिना अंगावर असणे हे देशप्रेमाचे लक्षण ठरले.

तारकामाची सर्वांत ठळक परंपरा स्लोव्हाकियात आढळते. तेथील वायव्य भागातील फिरस्ते कारागीर तडा गेलेल्या मातीच्या भांड्यांभोवती तारेची जाळी विणून ती पुन्हा वापरण्याजोगी करीत. या व्यवसायाला ‘द्रोटारस्त्वो’ म्हणतात. कालांतराने भांडी सांधण्याची गरज उरली नाही, परंतु तीच वीण टोपल्या, शोभेच्या वस्तू व दागिने यांत टिकून राहिली. २०१९ साली युनेस्कोने या कलेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

गंजणे ही लोखंडी दागिन्यांची मोठी उणीव होती. १९१२ च्या सुमारास जर्मनीतील क्रुप कारखान्यात बेनो श्ट्राउस व एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियम व निकेल असलेले न गंजणारे पोलाद तयार केले. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद बनविले. या अगंज पोलादामुळे (स्टेनलेस स्टील) पोलादी तार रोज अंगावर वागविण्याजोगी झाली.

तारेचे प्रकार

अगंज पोलादाची तार : किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाला अगंज पोलाद म्हणतात. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. ओरखडा पडल्यास हा थर आपोआप पुन्हा तयार होतो. दागिन्यांसाठी पुढील जाती प्रचलित आहेत :

३०४ – सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल. घरगुती भांड्यांतही हीच जात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. सर्वसाधारण दागिन्यांना पुरेशी.

३१६ व ३१६एल – निकेल १० ते १४ टक्के व शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. मॉलिब्डेनममुळे मिठाला होणारा प्रतिकार वाढतो. घाम फार येणाऱ्यांसाठी, तसेच कोकण-गोव्यासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात ही जात अधिक योग्य. ‘एल’ हे अक्षर कार्बनचे प्रमाण कमी असल्याचे दर्शविते.

४३० – क्रोमियम १६ ते १८ टक्के. निकेल जवळजवळ नाही. चुंबकाला जोराने चिकटते.

लोखंडी बांधणीची तार : इमारतीच्या कामात सळया बांधण्यासाठी वापरतात ती काळी, मऊ तार. ती तापवून मऊ केलेली असल्याने हाताने सहज वळते. नवशिक्यांना सरावासाठी व गडद रंगाच्या दागिन्यांसाठी ती चांगली. पण तिला गंज चढतो. काम झाल्यावर ती बारीक पॉलिश कागदाने घासून, पूर्ण कोरडी करून तिला मेणाचा किंवा लाखेच्या रोगणाचा लेप देतात. लेप झिजल्यास पुन्हा द्यावा लागतो. लोखंडी तारेला तांब्याची वा पितळेची तार गुंडाळल्यास ओलाव्यात लोखंड अधिक लवकर गंजते.

जस्ताचा मुलामा दिलेली तार : कुंपणाला वापरतात ती ही तार. घर्षणाने व घामाने तिचा मुलामा झिजतो. ती कधीही ज्योतीवर तापवू नये. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

स्मृतितार : कायमचा गोल आकार दिलेली अतिशय कठीण पोलादी तार. ती ताणून सोडली की मूळ वेटोळ्यात परत येते, म्हणून तिच्या बांगड्यांना व गळपट्ट्यांना हुकाची गरज नसते. तापविल्यावर पूर्वीचा आकार घेणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूशी तिचा संबंध नाही. तिचा गुण केवळ कठीणपणातून येतो.

माळेची तार : केसासारख्या बारीक अनेक पोलादी तंतूंना पीळ देऊन वर नायलॉनचे वेष्टण केलेली तार. तंतू सामान्यतः ७, १९, २१ किंवा ४९ असतात. तंतू जितके अधिक, तितकी तार लवचीक. पटवेकरी परंपरेने रेशमी दोऱ्यात दागिने गाठवितात. जड किंवा धारदार कडांच्या मण्यांनी दोरा कापला जातो, तेथे ही तार उपयोगी पडते. तिला गाठ मारत नाहीत. टोक हुकाच्या कडीतून परत आणून एका लहान मऊ नळीसारख्या मण्यात घालतात व तो मणी पकडीने दाबतात.

मऊपणा व कठीणपणा

तार साच्यातील छिद्रांतून ओढून बारीक केली जाते. प्रत्येक ओढीबरोबर ती कठीण होत जाते. विशिष्ट तापमानाला तापवून तिला पुन्हा मऊ करण्याच्या क्रियेला अनुशीतन म्हणतात. बाजारात एकाच जातीची व एकाच व्यासाची तार मऊ, अर्धकठीण व स्प्रिंगसारखी कठीण अशा तिन्ही स्थितींत मिळते. म्हणून नुसते ‘३०४ ची तार’ असे मागणे पुरेसे नसते. गुंडाळण्याच्या व नक्षीच्या कामाला मऊ तार, कानातल्या आकड्यांना व हुकांना अर्धकठीण तार, आणि कड्यांच्या साखळीला अर्धकठीण किंवा कठीण तार घेतात.

हाताने वाकविल्यानेही तार कठीण होते. ३०४ सारख्या पोलादात हा परिणाम तांब्यापेक्षा फार जलद होतो. एकाच जागी तार वाकवून सरळ करणे व पुन्हा वाकविणे असे काही वेळा झाले, की ती तेथे तुटते. तांब्याची तार शेगडीवर लाल तापवून पाण्यात बुडविली, तर मऊ होते; हा उपाय अगंज पोलादाला घरी लागू पडत नाही. त्याच्या अनुशीतनासाठी १,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान व त्यानंतर जलद थंड करणे आवश्यक असते. अपुऱ्या उष्णतेने, विशेषतः ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळल्यास, पोलादातील क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि गंजरोधक गुण उलट घटतो. त्यामुळे आकृती आधी कागदावर काढून, नमुना तांब्याच्या तारेत करून पाहून, मगच पोलादी तारेला हात घालावा.

व्यास व मापन

तारेची जाडी क्रमांकाने सांगण्याची पद्धत गोंधळाची ठरते. क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते. शिवाय ब्रिटिश (एसडब्ल्यूजी) व अमेरिकन (एडब्ल्यूजी) अशा दोन मोजपद्धती आहेत. भारतीय बाजारात ब्रिटिश क्रमांक रूढ आहेत, तर हस्तकलेच्या परदेशी पुस्तकांत बहुधा अमेरिकन क्रमांक असतात. दोहोंतील फरक मिलिमीटरमध्ये पुढीलप्रमाणे :

क्रमांक १६ : ब्रिटिश १.६३, अमेरिकन १.२९
क्रमांक १८ : ब्रिटिश १.२२, अमेरिकन १.०२
क्रमांक २० : ब्रिटिश ०.९१, अमेरिकन ०.८१
क्रमांक २२ : ब्रिटिश ०.७१, अमेरिकन ०.६४
क्रमांक २४ : ब्रिटिश ०.५६, अमेरिकन ०.५१
क्रमांक २६ : ब्रिटिश ०.४६, अमेरिकन ०.४०

हा फरक दिसायला लहान असला तरी हाताला जाणवतो. तारेला कायमचा बाक देण्यास लागणारा जोर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला, तर जोर आठपट लागतो. २० क्रमांकाची ब्रिटिश तार त्याच क्रमांकाच्या अमेरिकन तारेपेक्षा वाकवायला सुमारे ४० टक्के अधिक जोर मागते. म्हणून खरेदी करताना व्यास मिलिमीटरमध्ये सांगावा.

तांब्याच्या नमुन्यावरून पोलादी दागिना करताना तार एक-दोन क्रमांक बारीक घेतली तरी चालते. मणी गुंडाळण्यास ०.३ ते ०.४ मिमी, कानातल्या आकड्यास ०.७ ते ०.८ मिमी, आणि हूक व चौकट यांस १ ते १.२ मिमी व्यास सामान्यतः योग्य ठरतो.

हत्यारे व कृती

तांब्या-चांदीसाठी असलेल्या नाजूक कटरने पोलादी तार कापल्यास त्याच्या धारेला खाचा पडतात. पोलादासाठी वेगळा, कठीण धारेचा कटर ठेवावा. स्मृतितारेला तर तिच्यासाठीच केलेली कातर लागते. याशिवाय गोल तोंडाची व चपट्या तोंडाची पक्कड, बारीक कानस, लहान हातोडी आणि ऐरण किंवा गुळगुळीत पोलादी ठोकळा ही हत्यारे पुरतात. पकडीच्या तोंडाला दाते नसावेत. त्यांचे वण तारेवर उमटतात व घासून काढणे कष्टाचे असते.

वाकविलेली पोलादी तार हात सोडताच थोडी मागे सरते. त्यामुळे हव्या असलेल्या वर्तुळापेक्षा किंचित लहान जाडीच्या दांड्यावर ती गुंडाळावी. किती लहान, हे एक-दोन वेढे घालून व मोजून ठरवितात. कठीण तार अधिक मागे सरते.

कड्या करण्यासाठी दांड्यावर तारेचे सलग वेढे घेऊन ते एकेक कापतात. कडीचा आतला व्यास भागिले तारेचा व्यास हे गुणोत्तर विणीसाठी महत्त्वाचे असते. प्रत्येक कडीत चार कड्या अडकविण्याच्या प्रचलित युरोपीय विणीत ते सुमारे ३ च्या खाली गेल्यास वीण बसत नाही, तर फार वाढल्यास ती सैल व विस्कळीत दिसते. १.२ मिमी तारेच्या ५ मिमी आतील व्यासाच्या कडीत हे गुणोत्तर सुमारे ४.२ येते व वीण मोकळी पण नेटकी बसते. कडी उघडताना टोके एकमेकांपासून दूर ओढू नयेत. एक टोक पुढे व दुसरे मागे असे फिरवावे, म्हणजे गोलाई बिघडत नाही.

पोलादी दागिन्यांत सांधा शक्यतो गुंडाळून किंवा अडकवूनच करतात. क्रोमियमच्या थरामुळे साधा डाख धरत नाही. त्यासाठी तीव्र रासायनिक द्रावके लागतात व त्यांची वाफ घातक असते. सराफी व्यवसायात ‘केडीएम’ या नावाने परिचित झालेल्या कॅडमियमयुक्त डाखाचा धूर तर विषारी असतो. असे काम घरी करू नये.

निकेल व त्वचा

हलक्या प्रतीच्या कर्णभूषणांनी कान लाल होणे, खाजणे, चिघळणे या तक्रारींमागे बहुतेकदा निकेलची ॲलर्जी असते. ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. ३०४ व ३१६एल यांत निकेल असले, तरी ते मिश्रधातूत बांधलेले व क्रोमियमच्या थराखाली असल्याने त्वचेवर फारच थोडे उतरते. महत्त्व धातूत निकेल किती आहे याला नसून त्यातून बाहेर किती पडते याला असते. युरोपीय संघाचे नियम याच तत्त्वावर आधारलेले आहेत : त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला प्रति चौरस सेंमी ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत, तर टोचलेल्या छिद्रात घालावयाच्या भागांतून ०.२ मायक्रोग्रॅमपर्यंतच निकेल बाहेर पडणे मान्य आहे.

याबाबत दोन गैरसमज आढळतात. ‘सर्जिकल स्टील’ हे पोलादाच्या एका ठरावीक जातीचे नाव नाही, तो व्यापारी शब्दप्रयोग आहे; त्याचा अर्थ ‘निकेलविरहित’ असा होत नाही. दुसरा गैरसमज चुंबकाविषयी. चुंबकाला न चिकटणारे पोलाद ‘शुद्ध’ असे मानले जाते. प्रत्यक्षात न चिकटणाऱ्या ३०४ व ३१६ मध्ये निकेल असते आणि चिकटणाऱ्या ४३० मध्ये ते जवळजवळ नसते. शिवाय ओढून कठीण केलेली ३०४ ची तार चुंबकाकडे थोडी खेचलीही जाते. म्हणून चुंबकाने त्वचेची सुरक्षितता ठरत नाही.

नुकत्याच टोचलेल्या कानात घरी केलेला आकडा घालू नये. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी आकडा टायटॅनियमचा किंवा नायोबियमचा घेऊन बाकीचा दागिना पोलादाचा करणे हा सुरक्षित मार्ग होय.

सुरक्षितता व निगा

कापलेला पोलादी तुकडा वेगाने उडतो. कापताना डोळ्यांवर चष्मा असावा व सुटणारे टोक बोटाने दाबून खाली, जमिनीकडे वळवावे. कटरने कापलेल्या टोकावर धारदार कंगोरा राहतो. कानात जाणारे टोक कानसीने गोल करून, बारीक पॉलिश कागदाने घासून, बोटावर व कापसावर फिरवून पाहावे. कापसाचा तंतू अडकला, तर काम अपुरे आहे असे समजावे. टोक खरबरीत राहिल्यास छिद्राच्या आतील त्वचेला इजा होते आणि अशा त्वचेला निकेलचा उपद्रवही अधिक जाणवतो.

अगंज पोलादही पूर्णतः अगंज नसते. घट्ट गुंडाळलेल्या वेढ्यांच्या फटींत घाम व मीठ साचल्यास तेथे बारीक खड्डे पडू शकतात. दागिना अधूनमधून गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन कोरडा करावा. समुद्रस्नानानंतर तो धुणे अगत्याचे. भांडी घासण्याच्या लोखंडी काथ्याने तो घासू नये. काथ्याचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात, ते गंजतात आणि दागिनाच गंजल्यासारखा दिसतो.

हे सुद्धा पहा

अगंज पोलाद
अनुशीतन
चिलखत
निकेल