वृद्धांची पुंजी आणि गावाचा पहारा

कल्याणहून कर्जतकडे येणारी गाडी वांगणी सोडते, तेव्हा ठाणे जिल्हा मागे पडतो आणि रायगड जिल्ह्यातले पहिले स्थानक लागते ते शेलू. नेरळला उतरून माथेरानला जाणाऱ्या प्रवाशाला हे नाव खिडकीतून क्षणभर दिसते, इतकेच. परंतु गेल्या काही वर्षांत हे नाव अशा हजारो वृद्धांच्या तोंडी आले आहे, की ज्यांनी शेलू कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. हे वृद्ध म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगार. वृद्धांची फसवणूक कशी होते आणि ती टाळण्यासाठी समाजाने काय करावे, या प्रश्नाचा विचार करताना प्रथम त्यांचेच उदाहरण घेणे सोयीचे होईल.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि त्यांच्या जमिनींचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी मिळावा या मागणीतून घरांची योजना निघाली. घरासाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. सोडतींतून घरे निघाली ती पंधरा-सोळा हजारांच्या घरात. उरलेल्यांसाठी १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने शेलू व वांगणी येथे मिळून ८१,००० घरे बांधण्याचे ठरले. आम्हांला घर हवे ते मुंबईतच, असे म्हणत अनेक कामगार संघटनांनी या योजनेस विरोध केला. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर त्यांचे मोठे आंदोलनही झाले. त्या वादाचा निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच, की संपाच्या वेळी तिशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि अजून वाट पाहत आहे.

जेथे वाट पाहणे लांबते, तेथे दलाल येतो. तो चोराच्या वेषात येत नाही. ओळखीच्या माणसाची ओळख सांगत येतो. "काका, तुमची फाइल अडली आहे. साहेब आपले आहेत. थोडा खर्च येईल, पण बाहेर बोलू नका. यादीतली जागा दुसऱ्याला जाईल." या चार वाक्यांत फसवणुकीचे सारे शास्त्र आहे. पहिल्यात भीती, दुसऱ्यात आशा, तिसऱ्यात मागणी व गुप्तता आणि चौथ्यात घाई. म्हाडाने आपल्या निवेदनांतून वारंवार बजावले आहे की आपण कोणीही दलाल वा मध्यस्थ नेमलेला नाही. पण हे निवेदन वर्तमानपत्रात छापले जाते आणि दलाल तर घरी येऊन ओट्यावर बसतो. सरकारी सूचना आणि म्हातारा माणूस यांच्यामधले अंतर भरून काढावयाचे, तर ते जवळच्याच माणसांनी. कामगार संघटनांच्या सभांचे मोल येथे कळते. लाल पास, हजेरीचा कागद, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांपैकी कोणता पुरावा चालतो, हे ज्याला सभेत शंभर माणसांत बसून कळले, त्याला तीच माहिती कोणी पैसे घेऊन विकू शकत नाही.

याच चार वाक्यांना आता नवे कपडे मिळाले आहेत. फोन वाजतो. पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हांला 'डिजिटल अटक' झाली आहे, खोलीचे दार लावून घ्या, मुलालाही सांगू नका, असे तो दरडावतो आणि चौकशी होईपर्यंत सारी ठेव 'सरकारी' खात्यात भरण्यास सांगतो. वास्तविक डिजिटल अटक नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. फोनवरून अटकही होत नाही आणि जामीनही मिळत नाही. तरीही हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडण्यात आले. या प्रकरणाची ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली.

अशी वार्ता ऐकली, की आपण चटकन म्हणतो, "इतके शिकलेले, आणि फसले कसे?" हा प्रश्नच चुकीचा आहे. वृद्ध माणूस बुद्धीने कमी म्हणून फसत नाही. आयुष्याची कमाई एकरकमी त्याच्याच हाती असते. सरकारी शिक्क्याचा आणि गणवेशाचा मान राखण्याची त्याला जन्माची सवय असते. आणि तो एकटा असतो. आमच्या या पट्ट्यात मुलगा-सून पहाटेच्या गाडीने ठाणे-मुंबईस जातात ते दिवे लागल्यावर परततात. दुपारी दोन वाजता फोन आला, तर विचारायचे कोणाला? ठकाचे खरे भांडवल हे एकटेपणच आहे. म्हणून "दार लावून घ्या, कोणाला सांगू नका" हा त्याचा पहिला हुकूम असतो.

रोग एकटेपणाचा असेल, तर औषध सोबतीचे असले पाहिजे. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि सावकारांकडील कर्जरोखे जाळण्यात आले. त्या रोख्यांत काय लिहिले आहे हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हते. या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत ग्रामनिबंधक नेमण्याची त्यात तरतूद होती. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज त्या निबंधकासमोर लिहिला जावा, वाचून दाखवला जावा आणि मगच त्यावर निशाणी व्हावी, अशी योजना होती. पुढे रानडे यांनी न्यायाधीश या नात्याने याच कायद्याच्या अंमलबजावणीचे काम केले. कायद्याला वळसा घालणारे निघालेच. गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती सावकारांनी काढली. तथापि त्यातले मूळ तत्त्व आजही खरे आहे. प्रत्येक शेतकऱ्याला कायदेपंडित करणे शक्य नव्हते. परंतु मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस उभा करणे शक्य होते.

परदेशांतही अनुभवाअंती हाच मार्ग सापडला आहे. जपानात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत "मीच बोलतोय" असे म्हणून मुलाचा आवाज काढणाऱ्या ठकांनी वृद्धांना फार नागवले. तेथील बँकांचे कारकून मोठी रक्कम काढावयास आलेल्या वृद्धाशी मुद्दाम दोन शब्द बोलतात. ज्याच्या प्रसंगावधानामुळे फसवणूक टळते, त्याचा पोलीस सत्कार करतात. इंग्लंडमध्ये २०१६ साली लंडनपासून अशी पद्धत सुरू झाली, की ग्राहक दडपणाखाली पैसे काढतो आहे असा संशय आल्यास बँकेने तत्काळ पोलिसांना बोलवावे. दोन्हीकडे नवे यंत्र काही बसवले नाही. खिडकीवरच्या माणसाला बोलके केले.

आपल्या गावात काय करता येईल? पहिली गोष्ट ही, की प्रत्येक वृद्धाने आपला एक 'विचारायचा माणूस' ठरवून ठेवावा आणि त्याचा क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहावा. नियम एकच: अनोळखी माणसाने पैसे, ओटीपी किंवा सही मागितली, तर त्या माणसाशी बोलल्यावाचून आणि एक रात्र मध्ये गेल्यावाचून होकार द्यावयाचा नाही. खरे काम एका रात्रीने बिघडत नाही. खोटे काम मात्र एका रात्रीत उघडे पडते.

दुसरी गोष्ट जमिनीची. कर्जत-खालापुरात जमिनीचे भाव चढले, तसे कोऱ्या कागदावरील सह्या आणि न वाचलेली कुलमुखत्यारपत्रे यांचे भयही वाढले. फेरफाराची नोंद धरली, की तिची प्रत चावडीवर लावण्याचे बंधन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही या नोटिसा दिसतात. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, हेही कातकरी-ठाकूर वाड्यांवरील प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असावयास हवे. महिन्यातून एकदा शाळेतल्या एखाद्या मोठ्या मुलाने वा मुलीने या नोटिसा देवळाच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवल्या, तर खर्च काही नाही आणि पहारा मोठा. ग्रामसभा वर्षातून चार वेळा तरी भरलीच पाहिजे असा कायदा आहे. तिथे पाच मिनिटे या विषयासाठी राखून ठेवता येतील.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती मनाची आहे. फसलेला वृद्ध गप्प बसतो. मुले हसतील, पासबुक काढून घेतील, हे भय त्याला पैशांच्या नुकसानीहून मोठे वाटते. इकडे प्रत्येक तास मोलाचा असतो. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदली, की ती संबंधित बँकांकडे जाते आणि ठकाच्या खात्यातून पुढे न गेलेली रक्कम रोखून धरता येते. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून दहांत पांगली, की हाती काही लागत नाही. म्हणजे घरातल्या माणसांनी केलेला उपहास हा ठकाला मिळालेला वेळ असतो. "बाबा, आधी फोन लावू, मग बोलू" एवढे शब्द ज्या घरात सुचतात, त्या घराचे पैसे वाचण्याची आशा राहते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. सोबत म्हणजे ताबा नव्हे. कित्येकदा वृद्धाला लुबाडणारा परका नसतोच. "तुम्हांला कळत नाही" असे म्हणून अंगठा घेणारा घरचाच असतो. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेतली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेण्याचा मार्ग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ ने खुला केला आहे, आणि त्यासाठीचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांच्या पातळीवर असते. १४५६७ या साहाय्य क्रमांकावर ज्येष्ठांना अशा बाबतींत मार्गदर्शनही मिळते. तेव्हा विचारायचा माणूस हा सल्ल्याचा धनी असावा, पासबुकाचा नव्हे. शेवटचा शब्द ज्याची पुंजी त्याचाच राहिला पाहिजे.

उद्या एखादा वृद्ध कामगार शेलूच्या फलाटावर उतरेल, हातात जुना लाल पास आणि कोणीतरी दिलेली पावती घेऊन पत्ता विचारील. त्या वेळी "सरळ जा" म्हणून त्याला वाटेस लावू नये. त्याला सावलीत बसवावे, पाणी द्यावे आणि ती पावती एकदा त्याच्याबरोबर वाचावी. गावाचा पहारा म्हणतात तो याहून निराळा नसतो.