मांजरखाद्याच्या वेष्टनावरील मांसघटक

मांजरखाद्याच्या वेष्टनावरील मांसघटक म्हणजे पाळीव मांजरांच्या तयार खाद्यात वापरलेल्या प्राणिज पदार्थांची वेष्टनावर छापलेली नावे होत. यांत मांस, चिकन मील, पोल्ट्री बाय-प्रॉडक्ट मील, मासे, यकृत इत्यादींचा समावेश होतो. ही नावे बोलभाषेतील अर्थाने नव्हे, तर ठरलेल्या व्याख्यांनुसार वापरली जातात. त्यामुळे घटकसूचीत पहिल्या क्रमांकावर 'चिकन' दिसले तरी पिशवीत सर्वांत जास्त कोंबडीचे मांस आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मांसाची गरज

मांजर हा निसर्गतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन, अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्व ही द्रव्ये त्याला प्राणिज अन्नातून किंवा खाद्यात मुद्दाम मिसळूनच मिळतात. गाजरातील कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनविणे त्याच्या शरीराला साधत नाही. १९८७ साली पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात (डेव्हिस) केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. टॉरिनच्या कमतरतेने मांजरांच्या हृदयाचे स्नायू दुर्बल होतात आणि टॉरिन दिल्यावर ते बहुधा पूर्ववत होतात, असे त्यातून दिसून आले. आजारी पडलेली मांजरे बाजारातील तयार खाद्यावरच वाढलेली होती, ही यातील लक्षणीय बाब होय. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढविले. वऱ्हाडात मांजराला दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर घालण्याची रीत आहे. उंदीर मारणाऱ्या मांजराचे तिच्यावर भागते, कारण टॉरिन त्याला उंदरांतून मिळते. घरात कोंडलेल्या मांजराचे भागत नाही.

घटकांचा क्रम

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले जातात, मात्र हे वजन खाद्य शिजविण्यापूर्वीचे असते. ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणी असते, तर चिकन मील ही शिजवून, चरबी व पाणी काढून केलेली कोरडी भुकटी असते. समजा, एका मिश्रणात ४० किलो ताजे चिकन आणि २० किलो चिकन मील आहे. सूचीत ताजे चिकन आधी येईल. परंतु कोरडे द्रव्य त्यातून १२ किलो आणि मीलमधून सुमारे १९ किलो मिळेल. ओली हळद उकळून वाळविली की वजनाने साधारण पाचव्या हिश्शावर येते, हे वाशीमकडील हळद उत्पादकांना सांगावे लागत नाही. हिशेब तोच आहे.

क्रमाचा दुसरा चकवा धान्याच्या विभागणीचा आहे. मका, मक्याचे ग्लूटेन आणि मक्याचे पीठ असे तीन वेगळे घटक लिहिले की प्रत्येकाचे वजन कमी दिसते व मांसाचा घटक वर सरकतो. तिन्हींची बेरीज केल्यास चित्र पालटू शकते.

नावांचे अर्थ

सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या व्याख्या अमेरिकेतील खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांच्या 'आफ्को' या संघटनेच्या आहेत. भारतीय वेष्टनांवरही तिचा उल्लेख आढळतो. मात्र ही संघटना कोणत्याही खाद्याची तपासणी करीत नाही वा त्याला मान्यता देत नाही. तिच्या व्याख्येनुसार 'मीट' म्हणजे मुख्यतः स्नायू. त्यात जीभ, हृदय व अन्ननलिका धरली जाते. प्राण्याचे नाव न लिहिता नुसते 'मीट' म्हटले असेल तर ते गोवंश, डुक्कर, मेंढी किंवा शेळी यांपैकी कशाचेही असू शकते. 'बाय-प्रॉडक्ट' म्हणजे फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड, यकृत, रक्त, स्वच्छ केलेली आतडी इत्यादी भाग. केस, शिंगे, दात व खूर त्यात येत नाहीत. हा शब्द हलक्या मालाचा निदर्शक मानला जातो, तो समज फारसा न्याय्य नाही. मांजर उंदीर खाते तेव्हा आतले अवयवही खाते आणि यकृत हे स्नायूंपेक्षा पोषक असते. अडचण आहे ती प्रजातीचे नाव नसण्याची. एखाद्या मांजराला कोंबडीची अ‍ॅलर्जी असल्यास 'पोल्ट्री' किंवा 'अ‍ॅनिमल' या शब्दांवरून पशुवैद्यालाही काही ठरविता येत नाही.

पुढच्या बाजूचे नावही नियमबद्ध आहे. आफ्कोच्या नियमांनुसार नुसते 'चिकन' म्हणण्यासाठी पाणी वगळता ९५ टक्के, 'चिकन डिनर' म्हणण्यासाठी २५ टक्के, तर 'विथ चिकन' म्हणण्यासाठी केवळ ३ टक्के चिकन पुरते. 'चिकन फ्लेवर'साठी चव ओळखू येण्याइतका अंश पुरेसा आहे.

प्रथिनांची तुलना

ओल्या खाद्याच्या पाकिटावर १० टक्के व कोरड्या खाद्यावर ३० टक्के प्रथिने लिहिलेली असली, तरी दुसरे सरस ठरत नाही. ओल्या खाद्यात ८० टक्के पाणी असेल तर उरलेल्या २० टक्क्यांत १० टक्के, म्हणजे शुष्क भागाच्या ५० टक्के प्रथिने आहेत. कोरड्यात १० टक्के पाणी धरल्यास हे प्रमाण ३३ टक्के येते. अर्थात प्रथिने मांसातून आली की ग्लूटेनमधून, हे या आकड्यावरून कळत नाही.

भारतातील स्थिती

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणून शाकाहार-मांसाहाराचे हिरवे वा तपकिरी चिन्ह मांजरखाद्यावर असेलच असे नाही. भारतीय मानक ब्युरोचे कुत्रा व मांजर यांच्या खाद्यासाठीचे मानक आयएस ११९६८ हे आहे. महाराष्ट्रात गाईबरोबरच ४ मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. परराज्यातील गोमांस बाळगण्यास मनाई करणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द ठरविले. गोमांस वा डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांना प्रजातीचे स्पष्ट नाव असलेले खाद्य निवडणे हाच मार्ग उरतो.

पेढी नदीकाठच्या वलगावसारख्या, अमरावती शहरालगतच्या गावांतील मांजरपाळांना हे खाद्य मुख्यतः शहरातून आणावे लागते. मोठ्या पोत्यातून काढून साध्या पिशवीत किलोवर मिळणारे सुटे खाद्य स्वस्त पडते. परंतु त्याबरोबर घटकसूची, उत्पादकाचा पत्ता व उत्पादनाचा महिना या तिन्ही गोष्टी पोत्यावरच राहतात. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते व उघड्या खाद्यातील चरबी लवकर खवट होते. अशा वेळी मूळ पोत्यावरील मजकुराचे छायाचित्र दुकानातच काढून घेता येते.