भिंतीआडच्या तारांचा हिशेब

हिंजवडीला किंवा खराडीला एखाद्या कंपनीचा नवा परिसर उभा राहू लागला की नेटवर्कच्या बैठकांत दोनच प्रश्नांवर घसा कोरडा होतो: स्विच कोणत्या कंपनीचे घ्यायचे आणि वाय-फाय कितव्या पिढीचं बसवायचं. खरं तर या दोन्ही गोष्टी पाच-सात वर्षांत बदलाव्याच लागतात, कारण निर्माते जुन्या यंत्रांसाठी सुरक्षेचे अपडेट देणं थांबवतात. भिंतीतली आणि जमिनीखालची तार मात्र पंधरा-वीस वर्षं हलत नाही. म्हणून डोकं आधी तारेसाठी खर्च करावं, आणि तारेच्याही आधी ती ज्या नळीतून जाणार त्या नळीसाठी.

याचा पुरावा इतिहासातच आहे. 1990च्या दशकात इमारती जोडायला 62.5 मायक्रॉन गाभ्याचं मल्टिमोड फायबर सर्रास घातलं जाई. सेकंदाला 1 गिगाबिट वेगानं ते दोनशेहून अधिक मीटर सहज जाई, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. 2002 साली 10 गिगाबिटचं मानक आलं आणि त्याच काचेतून हा वेग जेमतेम 33 मीटर जाऊ लागला. काचेत बिघाड काहीच नव्हता. रुंद गाभ्यातून प्रकाश अनेक वाटांनी धावतो, त्यामुळे एकाच स्पंदाचे तुकडे मागेपुढे पोहोचतात. वेग वाढवला की शेजारशेजारचे स्पंद एकमेकांत मिसळतात. सिंगलमोड फायबरचा गाभा सुमारे 9 मायक्रॉनचा, त्यात प्रकाशाला वाट एकच. त्या काळात टाकलेल्या सिंगलमोडच्या दोन्ही टोकांची यंत्रं बदलली, तर आज त्यातून 100 गिगाबिटही 10 किलोमीटर जातात. मग तेव्हा मल्टिमोड का निवडलं? सिंगलमोडची लेझर-यंत्रं महाग होती म्हणून. म्हणजे काही वर्षांत भंगारात जाणाऱ्या वस्तूवर पैसे वाचवले आणि जमिनीत कायमची राहणारी वस्तू तोकडी घेतली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आता सगळं बिनतारी झालंय, तारा हव्यात कशाला? पण छताला लटकणारा प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतः तारेवरच जगतो. माहितीही त्यातूनच येते आणि वीजही. 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा 5 आणि 5पेक्षा 6 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत जास्त अडतात. वाय-फायचा वेग वाढवायला आपण वरच्या पट्ट्यात जातो, तसे अ‍ॅक्सेस पॉइंट जवळजवळ बसवावे लागतात आणि तारांची संख्या वाढते. त्यात कॅटेगरी 6ची तांब्याची तार 10 गिगाबिट साधारण 55 मीटरच नेते, 6ए मात्र पूर्ण 100 मीटर. विजेचंही तेच. 2003च्या मानकात नेटवर्कच्या तारेतून 15.4 वॉट देता येत. 2018च्या मानकात ही मर्यादा 90 वॉटपर्यंत गेली. कॅमेरे, दारांची कुलुपं, काही ठिकाणी दिवेसुद्धा आता याच तारेवर चालतात. शंभर तारांची घट्ट जुडी बांधली तर मधल्या तारा तापतात. जाड तांबं आणि ऐसपैस ट्रे ही चैन नव्हे.

दुसरा आक्षेप क्लाउडचा. सर्व्हर बाहेर गेले, मग परिसरात उरलं काय? उरली बाहेर जाणारी वाट, आणि तीच आता सगळ्यात नाजूक. दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी घेतली की आपण सुरक्षित झालो, असं व्यवस्थापनाला वाटतं. पण दोघांच्या तारा रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत असतील तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. देशात वर्षाला सुमारे 10 लाख वेळा फायबर तुटतं आणि 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा अंदाज केंद्र सरकारनं 2023 साली खोदकामाआधी सूचना देण्याचं अ‍ॅप आणताना दिला होता.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण तो उलट बाजूनं मोजला जातो. पुण्याच्या आसपास थोडा मुरूम खणला की काळा पाषाण लागतो. इथे पैसे खाते ती खोदाई, काच नव्हे. चर उघडा असताना चार नळ्या जास्तीच्या टाकणं स्वस्त, पेव्हर बसल्यावर तोच चर पुन्हा फोडणं महाग. म्हणून स्विचच्या कोटेशनकडे वळण्याआधी बाहेरची जोडणी देणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडून तारेच्या वाटेचे नकाशे लेखी मागून घ्या आणि ते एकावर एक ठेवून पाहा.