वीस हजारांत दोन

"मामा, यातलं पांढरं कुठंय?"

बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या सफारीत आमची बस अस्वलांच्या कुंपणात शिरली आणि भाचीनं हे विचारलं. तिचं काही चुकलं नव्हतं. थोड्याच वेळापूर्वी पांढरा वाघ बघून झाला होता. तो दिसल्याबरोबर सगळी बस एका अंगाला आली आणि खिडकीच्या जाळीला मोबाइल चिकटले. प्रत्येक जनावराचा एक पांढरा भाऊ असतोच, असा तिचा समज झाला असेल तर नवल नाही. मी "इथं नसतं गं" म्हणून वेळ मारून नेली. पण हिशेबाच्या नोकरीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला "नसतं" हे उत्तर पचत नाही. नसतं म्हणजे किती नसतं? हजारात एक, की कोटीत? परतताना बन्नेरघट्टा रोडनं त्यासाठी हवा तेवढा वेळ दिला. त्या रस्त्यावर संध्याकाळी गाडीत बसलेला माणूस काहीही मोजून काढू शकतो.

आधी काळ्यांचीच मोजदाद करू. आपलं हे झिपरं अस्वल भारत, नेपाळ आणि श्रीलंकेत राहतं. सगळी मिळून २० हजारांच्या आत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे; त्यातली भारतात ६ ते ११ हजार. चिन्नास्वामी स्टेडियमवर सामन्याला पस्तीसेक हजार माणसं बसतात. पृथ्वीवरच्या यच्चयावत झिपऱ्या अस्वलांना फुकट पास वाटले, तरी पंधरा हजार खुर्च्या रिकाम्या राहतील. आता उत्तर ध्रुवाकडची पांढरी अस्वलं घ्या. ती साधारण २६ हजार आहेत. वितळणाऱ्या बर्फावर एकटं उभं असलेलं ते अस्वल आपण इतक्या वेळा पाहिलंय, की दुर्मीळ म्हटलं की डोळ्यांपुढं तेच येतं. पण आकडा बघाल तर आमच्या बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत किंवा बंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवर रामनगरच्या खडकांत फिरणारं काळं अस्वल त्याच्याहून विरळ आहे. हे मला स्वतःलाच दोनदा तपासून पाहावं लागलं.

ध्रुवावरचं पांढरेपण मात्र वेगळं. तिथं सगळेच पांढरे, त्यात कौतुक कसलं! भाचीला हवं होतं ते काळ्या आईच्या पोटी आलेलं पांढरं. असं अस्वल जगात खरोखर आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातल्या पावसाळी जंगलांत आणि प्रिन्सेस रॉयल, ग्रिबेल अशा बेटांवर अमेरिकी काळ्या अस्वलांची एक जात राहते. तिच्यातली काही पिल्लं सायीच्या रंगाची निपजतात. डोळे तपकिरी, नाक काळं. म्हणजे माणसांत ज्याला आपण कोड किंवा सूर्यमुखी म्हणतो तसलं हे काही नाही. फक्त केसांचा रंग तेवढा बदललेला. इंग्रजीत त्याला स्पिरिट बेअर म्हणतात. फार तर काही शे असतील. नम्म मेट्रोच्या सहा डब्यांच्या एका गाडीत सगळी मावतील आणि वर उभ्यानं जाणाऱ्यांना जागा उरेल.

ही पांढरी होतात कशी, ते २००१ साली कळलं. इथून पुढं आकडे डोकं फिरवतात, म्हणून सावकाश जाऊ.

अस्वलाच्या प्रत्येक पेशीत त्याच्या देहाची पोथी असते. चारच अक्षरांच्या लिपीत लिहिलेली, लांबी साधारण २५० कोटी अक्षरं. सेकंदाला एक अक्षर या गतीनं कुणी ती वाचायला बसला, जेवण नाही, झोप नाही, तर ७९ वर्षांनी शेवटच्या पानावर येईल. छापायची म्हटली तर पानाला दोन हजार अक्षरं धरून साडेबारा लाख पानं होतात. तीनशे पानांचा एक ग्रंथ, असे चार हजारांहून जास्त ग्रंथ. दोन-दोन सेंटिमीटर जाडीचे हे ग्रंथ विधानसौधासमोर एकावर एक रचले, तर ढीग ८० मीटरच्या वर जाईल. विधानसौधाची उंची ४६ मीटर. त्या ढिगातल्या एका ग्रंथात, एका पानावर, एमसी१आर नावाच्या जनुकात ८९३ वं अक्षर आहे. तिथं ए हवा. स्पिरिट बेअरमध्ये तिथं जी आहे.

बस, एवढंच. अडीचशे कोटींत एक अक्षर. छापखान्यात इतकी कमी अक्षरं चुकली असती तर आमच्या ओळखीचे एक मुद्रितशोधक नोकरीला मुकले असते.

(याच जनुकातले निराळे बदल माणसांचे केस लाल करतात. निसर्गाला रंगाशी खेळायची हुक्की आली, की तो वारंवार याच पानावर येतो असं दिसतं.)

आता खरी गंमत. या पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. एका प्रतीत ए नीट असेल तर अस्वल काळंच. दोन्ही प्रतींत जी पडला, तरच पांढरं. त्यामुळे दोन काळ्याकुट्ट अस्वलांच्या पोटी पांढरं पिल्लू येऊ शकतं, दोघांकडंही एकेक चुकलेली प्रत दडलेली असली की. तशा जोडप्याच्या चार पिल्लांत सरासरी एक.

हाच हिशेब मी आपल्या अस्वलांना लावून पाहिला. समजा, त्यांच्याही पोथीत असंच एखादं पांढरं अक्षर आहे आणि शंभर प्रतींत एकदा येतं. दोन्ही प्रती तशाच निघण्याची शक्यता शंभरातली एक गुणिले शंभरातली एक, म्हणजे दहा हजारांत एक. जगात अस्वलं वीस हजार. पांढरी किती? दोन.

आणि एकच प्रत बाळगणारी? ३९६. ही सगळी काळी. आई काळी, बाप काळा, आरशात पाहिलं तरी काळी. दोन पांढऱ्यांमागं जवळपास चारशे काळी आपापल्या पोथीत तेच अक्षर सांभाळत हिंडतात आणि त्यांतल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. अक्षर हजारांत एकदा येत असेल, तर आणखी विलक्षण. पांढरी शून्य पूर्णांक शून्य दोन, म्हणजे असली पन्नास जगं पालथी घातली तर एक. पण ते अक्षर गुपचूप बाळगणारी तरीही चाळीस.

ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारला हे गणित उशिरा का होईना उमगलं. पांढऱ्या अस्वलाला मारायला तिथं शंभरेक वर्षं बंदी होती, काळ्याला मारायची मुभा होती. २०२२ साली त्या किनाऱ्याच्या आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर भागात काळ्यांची शिकारही थांबवली. तिथले मूळ रहिवासी, गिटगाट आणि किटासू हायहाइस, यांनी ती मागणी लावून धरली होती. गिटगाटांची जुनी गोष्ट अशी की, हिमयुग सरल्यावर कावळ्यानं त्याची आठवण राहावी म्हणून दर दहा काळ्या अस्वलांतलं एक पांढरं केलं. दहांत एक पांढरं हवं तर ते अक्षर जवळजवळ दर तिसऱ्या प्रतीत असायला लागेल. कावळ्यानं बरंच काम करून ठेवलं म्हणायचं. पांढरेपणाचा तिथं फायदाही असतो बरं का. दिवसाउजेडी पांढरं अस्वल सामन मासे काळ्याहून साधारण एक तृतीयांशानं जास्त यशस्वीपणे पकडतं. खालून बघणाऱ्या माशाला फिकट आभाळापुढं ते चटकन दिसत नाही. रात्री हा फायदा संपतो.

मग भाचीला काय सांगायचं, पांढरी वाढली तर चांगलं? इथं मला बंगळुरूच्याच दुसऱ्या टोकाला जावं लागतं. हेब्बाळच्या पुढं, जीकेव्हीकेच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तिथल्या उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या गटानं ओडिशातल्या सिमिलीपालच्या काळ्या वाघांचं कोडं २०२१ मध्ये सोडवलं. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच दिसतो. कारण पुन्हा एकच अक्षर, या वेळी टॅकपेप नावाच्या जनुकात, आणि पुन्हा तोच नियम: दोन्ही प्रती हव्यात. सिमिलीपालमध्ये ते अक्षर १०० प्रतींत ५८ वेळा सापडलं. ५८ टक्क्यांचे ५८ टक्के काढा, ३४ येतात. कॅमेऱ्यांनी दाखवलेलं काळ्या वाघांचं प्रमाण ३७ टक्के. जंगलात इतकं चोख गणित क्वचितच जुळतं. देशातल्या इतर रानांत असा वाघ मिळण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी.

एकाच रानात एवढी गर्दी का, याचं उत्तर गोड नाही. सिमिलीपालचे वाघ थोडे आणि एकटे पडलेले. बाहेरून नवा वाघ येत नाही, आतला बाहेर जात नाही; आपसातच सोयरिकी. पंचवीस अस्वलांचं एखादं तुटलेलं रान घ्या. तिथं पन्नास प्रती. त्यात एका अस्वलाकडं पांढरं अक्षर असलं, की प्रमाण लगेच दोन टक्के. दोन-चार पिढ्यांच्या योगायोगानं ते दहा, वीस, कितीही होऊ शकतं. म्हणून एखाद्या डोंगरात अचानक पांढरी पिल्लं दिसू लागली आणि पर्यटन खात्यानं फलक लावला, तर मी आधी नकाशा मागवीन. त्या डोंगराला शेजार उरलाय का, ते बघीन. बन्नेरघट्ट्यातल्या पांढऱ्या वाघांचीही कुळकथा अशीच आहे. पिंजऱ्यातल्या जवळपास सगळ्या पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष एकच, १९५१ मध्ये रीवाच्या रानात धरलेला मोहन.

आपल्या देशात पांढरं अस्वल दिसलेलंच नाही असंही नाही. अमरकंटकला जाणारे पेंड्रा रोड स्टेशनवर उतरतात. नर्मदा परिक्रमेची मंडळी ते नाव ओळखतील. त्याच टापूतलं छत्तीसगडचं मरवाही पांढऱ्या अस्वलांसाठी नाव कमावून आहे. तिथलं एक बिलासपूरच्या कानन पेंडारी प्राणिसंग्रहालयात ठेवलं होतं.

बसमध्ये आमच्यापुढं होतं ते मात्र काळंच. वारुळ उकरून त्यात तोंड खुपसून बसलेलं. या जनावराला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. त्या ओढण्याचा फुर्र फुर्र आवाज शंभर मीटरवर ऐकू जातो. बोटभर लांब नख्या पाहून १७९१ साली एका इंग्रज शास्त्रज्ञानं त्याला चक्क झाडाला उलटं लटकणाऱ्या स्लॉथच्या घराण्यात घातलं. कानडीत अस्वलाला करडी म्हणतात. आमचा वाटाड्या "करडी, करडी" ओरडत होता आणि माझ्या मराठी कानाला रंगच ऐकू येत होता.

याच बन्नेरघट्ट्यात वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं अस्वलांचं बचाव केंद्र आहे. दरवेशांकडची सहाशेहून जास्त नाचरी अस्वलं या संस्थेनं देशभरातून सोडवली. शेवटचा राजू, डिसेंबर २००९ मध्ये, इथंच आला. आजच्या वीस हजारांशी ताडून पाहिलं तर दर तेहेतीस अस्वलांमागं एक माणसाच्या दोरीला होतं. पिल्लू धरायचं तर सहसा आईला मारावं लागे. त्या सहाशेंच्या आयांपैकी किती जणी ते दडलेलं अक्षर घेऊन गेल्या, याचा हिशेब कुठल्याच वहीत निघणार नाही.

कॅनडात कोणत्या काळ्या अस्वलाकडं पांढरी प्रत आहे, हे शोधायला संशोधक रानात काटेरी तार लावून ठेवतात. जाता-येता तिला अडकलेले केस गोळा करायचे, मुळाशी असलेल्या पेशींतून पोथी वाचायची. अस्वलाला हातही लावावा लागत नाही.

हे वाचलं आणि मी बुलढाण्याला आईला फोन लावला. माझ्या लहानपणी दारावर दरवेशी यायचा. मूल दचकू नये म्हणून अस्वलाचा एक केस उपटून ताइतात घालून द्यायचा. आईनं शेरभर ज्वारी देऊन माझ्यासाठी घेतला होता. ताईत अजून आहे, तिच्या लोखंडी पेटीत, लाल दोऱ्यासकट. "केस मुळापासून उपटला होता का गं?" मी विचारलं.

"मुळापासूनच," ती म्हणाली. "ओरडलं होतं बिचारं."