उरलेल्या सुरांची गोधडी

घरात जुनेर साठले म्हणजे त्याची व्यवस्था दोन प्रकारांनी होते. एक, गाठोडे बांधून माळ्यावर टाकणे. दुसरा, त्याची गोधडी शिवणे. कापड दोन्हींकडे तेच. परंतु गाठोडे पांघरता येत नाही. संगीतरचनाकाराच्या हातूनही असे जुनेर साठत असते. मोठी कृती सिद्ध होत असता कित्येक लहान रचना बाजूस पडतात, कित्येक अर्धवट राहतात. त्यांचा स्वतंत्र संग्रह कसा होतो, हे समजावून देण्यासाठी आम्ही बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराचे उदाहरण घेतो.

१८२२ साली बेथोव्हेन व्हिएन्ना शहरी राहत असून वयाच्या बावन्नाव्या वर्षात होता. कानांनी त्यास जवळजवळ सोडले होते. भेटीस येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून दाखवीत. कीर्ती मोठी, पण पैशाची ओढाताण नेहमीची. अशा वेळी लाइप्झिग येथील पीटर्स या प्रकाशकास त्याने पियानोवरील काही लहान रचना देऊ केल्या. अशा रचनांस 'बागातेल' म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ क्षुल्लक वस्तू असा आहे.

त्या पुरविण्यासाठी त्याने आपली जुनी कागदपत्रे काढली. त्यांत पंचवीस वर्षांपूर्वीचीही पाने होती. सापडले तसे उचलून पाठविले असते तर काम एका दिवसात उरकले असते. त्याने तसे केले नाही. निवडलेल्या रचना त्याने सुधारून पुन्हा लिहिल्या व त्यांचा क्रम लावला. पाच रचना अशा रीतीने जमल्यावर सहावी त्याने नवीनच रचली. पहिलीचा षड्ज 'जी' या स्वरावर असून तिचा गंधार कोमल आहे. सहावीचा षड्ज तोच, परंतु गंधार शुद्ध. यामुळे आरंभीची उदास छटा शेवटी उजळते, आणि सहा सुटे तुकडे एका वस्त्राचे वाटू लागतात.

एवढे करूनही पीटर्सने १८२३ साली त्या नाकारल्या. मागितलेल्या किमतीच्या त्या नाहीत, असे त्याचे मत पडले. मग स्टार्के नावाच्या गृहस्थाच्या पियानोशिक्षणाच्या पुस्तकासाठी रचलेल्या आणि १८२१ साली छापून आलेल्या पाच रचना यांस जोडून, अकरांचा संग्रह त्याच वर्षी लंडन येथे क्लेमेंटीच्या मंडळीने प्रसिद्ध केला. आज तो ११९ या कृतिक्रमांकाने ओळखला जातो. त्यातील दहावी रचना तर ऐकणारा सावरून बसतो न बसतो तोच, बारा-पंधरा सेकंदांत, संपते. तरीही ती गाळावी असे वाजविणारांस वाटत नाही.

निवड करणाराची दृष्टी मात्र अचूकच असते असे नाही. १८१० सालचा एक तुकडा बेथोव्हेनने या वेळी दुरुस्तीस घेतला होता. परंतु संग्रहात तो आला नाही. बेथोव्हेन १८२७ साली वारला, आणि हा तुकडा १८६७ साली प्रथम छापला गेला. 'फ्युर एलिझे' या नावाने आज तो पियानो शिकू लागलेल्या मुलामुलींस जगभर ठाऊक आहे. कर्त्याने बाहेर ठेवलेला तुकडा त्याच्या संग्रहाहून अधिक लोकप्रिय झाला! तो कागद त्याने फाडून टाकला नव्हता, म्हणूनच हे घडले.

पुढे १८२४ साली त्याने आणखी सहा 'बागातेल' लिहिल्या. या वेळी उरलेसुरले गोळा न करता त्यांची माळ आरंभापासून योजिली होती. दुसरीपासून पुढे प्रत्येकीचा षड्ज मागचीहून ठरावीक अंतराने खाली उतरत जातो. आमच्या मते तुकडे जुळविण्याच्या आधीच्या श्रमातूनच हे कौशल्य आले असावे.

यावरून आम्हांस एक जुनी चूक आठवते. काही वर्षांपूर्वी वर्गातील कपाट साफ करताना विद्यार्थ्यांच्या अर्धवट निबंधांचा गठ्ठा आम्ही रद्दीत दिला. पुढे एक माजी विद्यार्थी आला आणि आपल्या वडिलांविषयी लिहिलेली दोन पाने मागू लागला. वडील नुकतेच निवर्तले होते. आम्ही काय उत्तर देणार? त्या दिवसापासून कपाटाचा खालचा कप्पा आम्ही अपुऱ्या लेखनासाठी राखून ठेवला आहे. परंतु नुसते राखणे म्हणजे गाठोडेच. म्हणून दर नाताळच्या सुटीपूर्वी तो कप्पा आम्ही उघडतो, ज्याचे पान त्याच्या हाती देतो, आणि म्हणतो, "बाळ, आता हे पुरे करून आण."