परिचयपत्राची मांडणी

भिलाईत नोकरीचा अर्ज म्हणजे पोलाद कारखान्याचा अर्ज, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. 1959 साली येथील पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून पदविका आणि अनुभवाची वर्षे यांवरच माणसाची पारख होत आली. परवा शेजारची एक मुलगी, खैरागढच्या कला विद्यापीठाची पदवीधर, मुंबईच्या जाहिरातसंस्थांसाठी केलेले परिचयपत्र घेऊन आली. कडेला वेलबुट्टी, सात रंग, पाच वळणांची अक्षरे. नाव मात्र मला शोधावे लागले. चार ठिकाणांहून तिला उत्तरही आले नव्हते.

मी तिला लिओनार्दोची हकीकत सांगितली. 1482 च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी लिहिलेल्या पत्रात त्याने पूल, तोफा, वेढ्याची साधने क्रमवार मांडली. चित्रकला अगदी अखेरीस. वाचणाऱ्यास काय हवे, हे त्याने आधी ओळखले होते.

अक्षराचे एकच वळण, दोन आकार, एखादाच रंग आणि भोवती मोकळी जागा एवढ्यानेही पान उठून दिसते. शिवाय आता पुष्कळ ठिकाणी अर्ज प्रथम संगणक चाळतो, आणि चित्रात गुंतलेली अक्षरे त्याला उमगतीलच असे नाही. (आम्हां कचेरीतल्या माणसांनाही ती उमगत नाहीत!) नमुने तीन-चारच द्यावेत, प्रत्येकाखाली त्यातील आपला वाटा स्पष्ट लिहावा.

तिच्या वहीत पाळी सुटताना बाहेर पडणाऱ्या सायकलींची रेखाटने होती. परिचयपत्रात ती नव्हती. “इथलं काय दाखवायचं, काका?” ती म्हणाली. ती रेखाटने मी पहिल्याच पानावर घ्यावयास सांगितली.